उसाच्या फडात पिल्लू सापडले तर ते कोणाचे, आणि पुढे काय करावे

गळिताचा हंगाम सुरू झाला, की कऱ्हाड, पाटण, वाळवा आणि शिराळा या तालुक्यांतील कुठल्या ना कुठल्या गावातून एकच बातमी येऊ लागते: उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडली. बातमीच्या पाठोपाठ मोबाईलवर छायाचित्र येते. कोणाच्या तरी मांडीवर दोन ठिपकेदार पिल्ले असतात आणि भोवती वीस-पंचवीस माणसांचा गराडा असतो. ते छायाचित्र नीट पाहिले, तर अनेकदा ती पिल्ले वाघाटी या चिमुकल्या ठिपकेदार रानटी मांजराची किंवा रानमांजराची असल्याचे लक्षात येते. ती कोणाचीही असली, तरी त्यांची आई जवळच्याच उसात दडून बसलेली असण्याची शक्यता फार मोठी असते. आपण त्यांना अनाथ समजून उचलतो आणि त्या उचलण्यानेच ती अनाथ होतात. शेतमालक, मुकादम, तोडणी कामगार आणि अशा वेळी सर्वांत आधी धावत येणारी गावातील तरुण मुले यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे.

पिल्ले फडातच का सापडतात

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये अस्तित्वात आला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून बनलेला हा प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला आहे. त्याच्या पूर्वेला डोंगर उतरत जातात आणि जिथे ते संपतात, तिथे कृष्णा, कोयना आणि वारणेच्या पाण्यावरचा ऊस सुरू होतो. मात्र फडातील प्रत्येक प्राणी जंगलातून वाट चुकून आलेला आहे, ही समजूत चुकीची आहे. यांतील अनेक बिबट्यांचा जन्म उसात झालेला असतो, त्यांच्या आयांचाही तिथेच झालेला असतो, आणि ऊस हेच त्यांचे घर असते.

जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो. एवढा काळ माणसाचा फारसा वावर नसलेली, आतून थंड, पाटाचे पाणी जवळ असलेली आणि उंदरांनी भरलेली अशी दुसरी जागा या भागात नाही. बिबट्याची मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर बहुधा दोन-तीन पिल्लांना जन्म देते आणि शिकारीला जाताना त्यांना पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांच्या, आडोशाला ठेवून जाते. वाघाटी, रानमांजर, जवादी मांजर आणि कोल्हा यांनाही हीच जागा मानवते. मग एके दिवशी तोडणी कामगारांची टोळी येते आणि अठरा महिन्यांचे घर दोन दिवसांत मोकळे रान होते.

आधी वाघाटीविषयी

या साऱ्या प्राण्यांत वाघाटीविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ती आपल्या अगदी पायाशी राहते आणि तरीही तिला ओळखणारी माणसे थोडी आहेत. जगातील सर्वांत लहान मांजरांमध्ये तिची गणना होते. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो भरते. म्हणजे घरातील धडधाकट बोका तिच्या दुप्पट-तिप्पट असतो. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत तिची लांबी ३५ ते ४८ सेंटिमीटर असते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत ती आढळते. विज्ञानाला तिची पहिली ओळख १८३१ मध्ये झाली, तीही पुदुच्चेरीहून गेलेल्या एका नमुन्यावरून. इझिडोर जॉफ्रुआ सेंट-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या नावात ‘गंजलेल्या रंगाची’ या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला आणि तो तिला शोभतो, कारण राखाडी अंगावरचे तिचे ठिपके खरोखरच जुन्या विळ्यावर चढलेल्या गंजासारखे दिसतात.

ती रात्री हिंडते, उंदीर, लहान पक्षी, बेडूक, सरडे आणि किडे खाते, झाडावर सहज चढते, आणि दिवसा एखाद्या ढोलीत किंवा पाचटाच्या ढिगात अंग चोरून पडून राहते. उसाच्या बुडख्याशी उंदीर किती नुकसान करतात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. वाघाटी हा उंदीर खाणारा सोबती आहे आणि तो बदल्यात कोंबडीचे एखादे पिल्लू सोडले तर आपल्याकडून काही घेत नाही. तरीही ‘बिबट्याचे पिल्लू’ म्हणून ती पकडली जाते, आणि कधी कधी तर पूर्ण वाढलेली मादीच पिल्लू समजून पोत्यात भरली जाते. तिची स्वतःची पिल्ले त्या वेळी कुठल्या तरी सरीत वाट पाहत असतात.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या आडसालीची तोड चालू होती. सकाळचे साडेआठ झाले असतील, वाढ्यांवर दव होते. बीडकडून आलेल्या टोळीतील एक बाई कोयता खाली घालून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “मालक, इथं वाघाची पिल्लं हाएत.” मी वाकून पाहिले. पाचटाच्या, जेमतेम ओंजळीएवढ्या खळग्यात दोन पिल्ले एकमेकांवर मान टाकून पडली होती. डोळे नुकतेच उघडलेले, धुरकट निळे. पाठीवर काळसर ठिपक्यांच्या बारीक ओळी होत्या आणि कपाळावरून दोन कानांच्या मधून मानेकडे चार गडद रेघा गेल्या होत्या, जणू कोणी काजळाचे बोट ओढले असावे. शेपटीवर मात्र एकही ठिपका नव्हता. वनरक्षकाने आल्यावर पहिल्यांदा तीच शेपूट पाहिली आणि सांगितले, की ही वाघाटी आहे, आता सगळ्यांनी बांधावर जायचे. रात्री लावलेल्या कॅमेऱ्यात आई दिसली. तिने पहिले पिल्लू मानेला धरून नेले आणि थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत आली. आम्ही सकाळी घाबरून ती पिल्ले घरी नेली असती, तर ती आई त्या खळग्याशी येऊन रिकामीच फिरली असती.

ओळख पटवताना काय पाहावे

पिल्लाला हात न लावता, चार-पाच पावलांवरून मोबाईलवर एक-दोन छायाचित्रे घ्यावीत आणि बाजूला होऊन ती मोठी करून पाहावीत. पहिली नजर शेपटीवर टाकावी. बिबट्याच्या पिल्लाच्या शेपटीवर मुळापासून टोकापर्यंत ठिपके असतात. वाघाटीच्या शेपटीवर ठिपके किंवा ठळक वलये नसतात. रानमांजराची शेपूट तुलनेने आखूड असते आणि टोकाकडे काळी वलये असतात.

त्यानंतर कपाळ पाहावे. वाघाटीच्या कपाळावर वर सांगितलेल्या लांब रेघा असतात आणि डोळ्यांच्या आतल्या कडेने दोन पांढरे पट्टे वर चढलेले दिसतात. बिबट्याच्या पिल्लाच्या कपाळावर रेघांऐवजी बारीक काळे ठिपके दाटीवाटीने असतात. त्याचे अंग लोकरीसारखे दाट, करडे आणि विस्कटलेले दिसते, आणि पंजे अंगाच्या मानाने इतके मोठे असतात, की एकदा पाहिलेला माणूस पुन्हा चुकत नाही. वजनाचा फरक तर फारच मोठा आहे: बिबट्याचे नवजात पिल्लू साधारण अर्धा किलो भरते, तर वाघाटीचे जन्मतः शंभर ग्रॅमही नसते. त्यामुळे डोळे मिटलेले आणि तरीही दोन्ही हातांची ओंजळ भरणारे पिल्लू दिसले, तर ते बिबट्याचे समजावे आणि लगेच सावध व्हावे.

रानमांजर, ज्याला आपल्याकडे बाऊल असेही म्हणतात, मोठे झाल्यावर एकरंगी वाळूसारखे दिसते, पण त्याची पिल्ले पट्टेदार असतात आणि वाढताना पट्टे पुसट होत जातात. त्यामुळे पट्टेदार पिल्लू पाहून अनेकांना ते थेट वाघाचे वाटते. घरच्या मांजराच्या पिल्लांपासून ही पिल्ले वेगळी ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. कानाच्या टोकावरचा काळ्या केसांचा झुबका आणि लांब पाय या खुणा मोठेपणी स्पष्ट होतात, पिल्लात नाही. शंका असेल तेव्हा पिल्लू रानटी धरूनच चालावे. घरच्या मांजराचे निघाले तरी त्यात कोणाचे नुकसान नाही. प्राचीन इजिप्तमध्ये ज्या मांजरांच्या ममी करून ठेवल्या गेल्या, त्यांत या रानमांजराच्याही ममी सापडल्या आहेत. आपल्या बांधावरून संध्याकाळी निवांत चालत जाणारे हेच ते जनावर.

नावात मांजर असलेली, पण मांजर नसलेली जनावरे

आपल्या भाषेने तीन वेगळ्याच प्राण्यांना मांजर म्हटले आहे, आणि त्यामुळे कळवताना गोंधळ होतो. जवादी मांजर जमिनीवर राहणारे, टोकदार तोंडाचे आणि वलयांकित लांब शेपटीचे असते. पाठीवर लांबट पट्टे आणि बाजूंना ठिपक्यांच्या ओळी असतात. ते उसात नेहमी आढळते. उदमांजर झाडांवर आणि जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर राहते, फळे खाते आणि विष्ठेतून त्यांच्या बिया लांबवर पसरवते. या दोघांचेही तोंड लांबट असते, मांजरासारखे गोल आणि चपटे नसते; एवढ्या एका खुणेने ती वेगळी करता येतात.

खवले मांजर फडात क्वचितच दिसते. डोंगराकडच्या गावांत, विशेषतः पाटण आणि शिराळ्याच्या पश्चिम भागात, ते एखाद्या रात्री रस्त्यावर येते. त्याचा मांजराशी काहीच संबंध नाही. त्याला दात नसतात, अंगावरची खवले आपल्या नखांच्याच द्रव्याची म्हणजे केराटिनची असतात, ते लांब जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपते आणि त्याचे एकुलते पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून प्रवास करते. संकट आले, की ते अंगाचे वेटोळे करून जागच्या जागी थांबते. वाघासमोर हा उपाय चालतो, पण माणसाने ते वेटोळे उचलून पोत्यात टाकले, तर त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. खवल्यांना औषधी गुण असल्याच्या समजुतीपायी त्याची चोरटी शिकार आणि विक्री होते. नखे कुरतडून कोणाचा आजार बरा होत नाही. मग त्याच द्रव्याच्या खवल्यांनी तो कसा बरा व्हावा? कोणी खवल्यांच्या खरेदीविषयी गावात चौकशी करत असेल, तर ते वनविभागाला त्याच दिवशी कळवावे.

पिल्लू दिसल्यावरचा पहिला तास

त्या भागातील तोड ताबडतोब थांबवावी आणि कोयते, ट्रॅक्टर, हार्वेस्टर सगळे बंद करावे. टोळीतील लहान मुलांना आधी उघड्या रानात किंवा रस्त्यावर न्यावे. पिल्लू बिबट्याचे असण्याची थोडीही शंका असेल, तर सर्वांनी एकत्र, सरळ उभे राहून, आवाजात बोलत मागे यावे. पळू नये आणि वाकू नये. ऊस तोडणारा माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा दिसतो. पिल्लांजवळची मादी हल्ला करतेच असे नाही. बहुतेक वेळा ती माणसे जाण्याची वाट पाहते. पण तिच्या आणि पिल्लांच्या मध्ये कोणी सापडू नये, याची काळजी आपण घ्यायची आहे.

त्यानंतर वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. आपल्या भागातील वनरक्षक आणि वनपालांचे क्रमांक मुकादमाकडे आणि शेतमालकाकडे हंगामाच्या सुरुवातीलाच असावेत. सांगताना गाव, शिवाराचे नाव, गट क्रमांक, जवळची ओळखीची खूण, पिल्लांची संख्या आणि डोळे उघडे आहेत की मिटलेले, एवढे सांगितले तरी पुरे. पिल्ले नेमकी जिथे होती, तिथे काठीला फडके बांधून खूण करावी. ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण ऊस तुटल्यावर सगळे रान सारखेच दिसते आणि आई मात्र त्याच जागेवर परत येते.

छायाचित्र वनविभागाला पाठवावे, गावाच्या गटांवर टाकू नये. एक छायाचित्र फिरले, की अर्ध्या तासात बांधावर शंभर मोटारसायकली लागतात, आणि एवढी माणसे असेपर्यंत कोणतीही आई जवळ येत नाही.

दूध पाजू नये, ही सूचना सर्वांत जास्त मोडली जाते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. गाईचे किंवा म्हशीचे दूध या पिल्लांना पचत नाही. हगवण लागते आणि एवढ्याशा शरीरातील पाणी काही तासांत कमी होते. चमच्याने किंवा सिरिंजने पाजताना ते श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसाला संसर्ग होतो. एका गावात दिवसभर कौतुकाने दूध पाजलेली दोन पिल्ले दुसऱ्या दिवशी सकाळी हातातच गेल्याचे मी पाहिले आहे. पाजणारी माणसे मनाने अतिशय चांगली होती. पिल्लू गारठले असेल आणि माणसे यायला उशीर असेल, तर ते कापड घातलेल्या खोक्यात ठेवावे, गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि खोके अंधारात, शांत जागी, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवावे. हात लावावाच लागला, तर हातमोजे किंवा जाड कापड वापरावे. घरच्या मांजरांचे आजार या पिल्लांना लागतात, आणि चावल्यास रेबीजची भीती असल्याने जखम साबणाने भरपूर धुऊन दवाखाना गाठणे आवश्यक ठरते.

माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. कऱ्हाड आणि जुन्नर या भागांत माणसांनी हाताळलेली, पशुवैद्यांनी तपासलेली अनेक पिल्ले त्यांच्या आयांनी परत नेली आहेत.

पिल्लू पाळण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर त्याला कायदाही स्पष्टपणे सांगावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या, वाघाटी आणि खवले मांजर यांचा समावेश आहे, आणि त्यांना पकडल्याबद्दल किंवा मारल्याबद्दल तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

संध्याकाळची भेट

आई आणि पिल्लांच्या पुनर्भेटीचे काम वनविभागाने आणि पशुवैद्यांनीच करायचे असते. आपले काम जागा मोकळी ठेवण्याचे. तरीही ते कसे चालते, हे माहीत असले म्हणजे गावात धीर राहतो. पशुवैद्य पिल्लांना तपासतात, वजन घेतात. दिवस मावळताना पिल्ले भाजीच्या क्रेटमध्ये किंवा पाटीत घालून नेमक्या त्याच खुणेच्या जागी ठेवली जातात. झाकण असे ठेवतात, की पिल्लाला बाहेर पडता येऊ नये, पण आईला पंजाने ते सहज पाडता यावे. आसपास ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेले की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे, बसवले जातात आणि सर्व माणसे निघून जातात. अनेकदा आई पहिल्याच रात्री येते, क्रेट उलटवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ती आली नाही, तर पिल्ले सकाळी उचलून, तपासून, पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री ठेवली जातात. या रात्रींत तिकडे बॅटरी मारणे, मोटार चालू करण्याच्या निमित्ताने डोकावणे, फटाके वाजवणे हे सगळे टाळावे लागते.

या भेटीचा गावालाही थेट लाभ होतो. पिल्ले हरवलेली बिबट्याची मादी काही दिवस त्याच परिसरात अस्वस्थ फिरत राहते, आणि माणसाशी तिची गाठ पडण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

तोडीच्या आधी करता येण्यासारखे

सर्वांत मोठा घात आगीने होतो. ऊस पेटवून तोडला किंवा तोडीनंतर चारही बाजूंनी पाचट पेटवले, तर मोठे जनावर पळते, पण डोळे न उघडलेले पिल्लू, साळिंदर, कासव किंवा अंडी यांना जागा सोडता येत नाही. पाचट न जाळता सरीत पसरवून ठेवले, तर खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, ओल आणि सेंद्रिय खत दोन्ही मिळते, हे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे. पेटवणे टळणार नसेल, तर आधी रानातून एक फेरी मारावी आणि आग एकाच बाजूने लावावी.

तोडही एका बाजूने सुरू करून डोंगराच्या, ओढ्याच्या किंवा उभ्या उसाच्या दिशेने न्यावी. चारही बाजूंनी तोडत आत गेले, की जनावरे मधल्या शेवटच्या पट्टीत कोंडतात, आणि ती बाहेर पडताच कुत्री आणि काठ्या घेऊन उभी असलेली माणसे ससे-रानडुकरांबरोबर त्यांनाही मारतात. फडावर येणारी मोकाट कुत्री आवरावीत. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणे बेकायदा आहे आणि त्याने वाघाटीपासून माणसापर्यंत कोणीही मरतो. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधावा. तोवर विहिरीत पडलेल्या जनावरासाठी दोराने बाज खाली सोडली, तर ते तिच्यावर बसून तग धरते आणि बचाव पथक येईपर्यंत बुडत नाही.

पिल्ले परत नेल्यावर आई त्यांना बहुधा दोन-चार रानांपलीकडच्या उभ्या उसात हलवते. म्हणून भेट झाल्याचे कळताच शेजारच्या शेतमालकांना आणि तिथे पुढच्या आठवड्यात तोड करणाऱ्या मुकादमाला निरोप द्यावा, आणि ज्यांची पाण्याची पाळी रात्रीच्या विजेवर आहे, त्यांना दोघांनी मिळून, बॅटरी लावून, बोलत बोलत पाणी धरायला जाण्यास सांगावे.